वरातीला नेलेली बग्गी

कुंडलिक वेल्डर तसा तापट नव्हता, पण त्याच्या जोडावर कुणी ग्राइंडर फिरवला की तो पेटायचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्याने चौदा वर्षं बॉयलर जोडले. कारखाना बंद पडला तेव्हा सोनारपाड्याजवळ पत्र्याची शेड टाकली. आजूबाजूचे सगळे गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करत होते. हा मात्र डोंगर चढणाऱ्या बग्ग्यांचे पिंजरे करायचा. बग्गी म्हणजे जुन्या जीपचा पत्रा काढून उरलेला सांगाडा, आणि पिंजरा म्हणजे त्यावर उभारलेली जाड पाइपांची चौकट. गाडी उलटली तर आतल्या माणसाचं डोकं आणि दगड यांच्यामध्ये एवढीच गोष्ट असते.

पाइपही तो बॉयलरचाच वापरायचा. कुणी नळाचा पाइप घेऊन आला तर तोंडावर सांगायचा, "ह्याच्यातून पानी जाऊ दे. ह्याच्याखाली मानूस बसवू नको." त्याच्या जोडावर धातूची उंच कड राहायची, दिसायला अगदी ओबडधोबड. ती घासून गुळगुळीत करा, असं गिऱ्हाइकं म्हणायची. तो ऐकायचा नाही, कारण घासलं की जोडातलाच माल कमी होतो.

मी त्या वेळी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि रविवारी हौशी बग्गीवाल्यांच्या क्लबात स्टॉपवॉच धरायचो. क्लबाचे नियम मीच टाइप केले होते. ते कुणी वाचत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही ते मनावर घेत नसे.

१९९४ सालच्या फेब्रुवारीत शिळफाट्याच्या पलीकडे एका बंद दगडखाणीत चढाई होती. खाणीची सरळ कड आजवर कुणी चढलं नव्हतं. ती आपण चढणार, असं कान्हाने गावभर सांगून ठेवलं होतं. कान्हा आगरी घरातला, पंचविशीतला, हाताने चांगला आणि तोंडाने त्याहून चांगला. निम्मं गाव टेम्पोत बसून बघायला आलं होतं. कान्हाशेजारच्या सीटवर त्याचा धाकटा चुलतभाऊ धाकू बसणार होता. तीव्र चढावर शेजाऱ्याला वजन इकडून तिकडे टाकावं लागतं. हा धाकू तीनच आठवड्यांपूर्वी कुंडलिकचा जावई झाला होता. कुंडलिकची मुलगी मालू त्याला दिलेली.

प्रत्येक चढाईआधी कुंडलिक आपल्या पिंजऱ्याच्या सगळ्या जोडांवरून हात फिरवायचा. त्या दिवशी कान्हाच्या बग्गीत धाकूच्या डोक्यावरच्या तिरक्या पाइपाशी त्याचा हात थांबला. जोड गुळगुळीत होता.

"हा माजा नाय," तो म्हणाला.

कान्हाने काही लपवलं नाही. उलट हसत सांगितलं, "मामा, धाकूची वरात नाय का काढली हिच्यातून? नवरा काय वाकून बसनार? पाइप कापला, तो मस्त उभा रायला. मंग गेटवाल्याकडून परत जोडून घेतला."

"मंग आज गाडी चढनार नाय."

कान्हाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला, आणि मग पारा चढला. मागे गाव उभं होतं. कुंडलिक वळून धाकूला म्हणाला, "जावयबापू, तुम्ही उतरा."

जावयाला हुकूम करता येत नाही, आणि धाकूला मोठ्या भावाला एकट्याला सोडून गावासमोर उतरता येईना. त्याने कान्हाकडे पाहिलं आणि पट्टा आणखी घट्ट ओढला. कुंडलिकने मग माझ्याकडे पाहिलं. माझा एक नियम होता की पिंजऱ्यात दोष दिसला तर गाडी थांबवायची. मी म्हणालो, "जाऊ द्या ना कुंडलिकराव, एकच तर फेरी आहे." या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"मामा, हातोडा घ्या," कान्हा म्हणाला. "तीन ठोके मारा. जोड तुटला तर मी उतरतो. नाय तुटला तर बाजूला व्हायचं."

हातोड्याचा ठोका म्हणजे उलटलेल्या गाडीचं वजन नव्हे; ही पैज चुकीची आहे, हे कुंडलिकइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने हातोडा घेतला, कारण दुसरं काही हातात नव्हतं. पहिला ठोका बसला तेव्हा धाकूने डोळे मिटले. दुसऱ्याला रंगाचा टवका उडाला. तिसरा त्याने सगळ्या ताकदीने घातला. पाइप जागचा हलला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि कान्हाने इंजिन सुरू केलं.

कुंडलिक शब्दाचा पक्का होता, तो गाडीपुढून बाजूला झाला. माझा अंगठा घड्याळावर होता. समोर ती कड, सुटे दगड आणि खाली खाणीचा खड्डा. मी घड्याळ शून्यावर आणलं.

तेवढ्यात कुंडलिक कान्हाच्या बाजूला गेला आणि पिंजऱ्याचा पाइप धरून बोलू लागला. इंजिनच्या आवाजामुळे त्याला ओरडावं लागत होतं, त्यामुळे सगळ्या गावाला ते ऐकू गेलं.

"वरातीला मी होतो ना रे? नवरा पिंजऱ्यातून वर उभा दिसला तवा पयली टाळी मी वाजवली. पिंजरा माजा. तिथं पाइप असताना मानूस उभा राहूच शकत नाय, मना ठाव होतं. पन पोरगी हसत होती, मी तिच्याकडंच बगत रायलो. माजी चूक हाय, गावासमोर सांगतो. आता स्टिअरिंग तुज्या हातात हाय, कान्हा. माज्या पोरीच्या नवऱ्याला वर तू नेतोस. मी नाय, हे घड्यालवाले साहेब नाय, गेटवाला नाय. तू."

कान्हाचा हात गिअरवर होता. तो समोर बघत होता. इंजिन तसंच धडधडत राहिलं. मग त्याने किल्ली फिरवली.

"उतर रे धाकू," तो म्हणाला.

मागून कुणीतरी "बांगड्या भर" म्हणून ओरडलं. एरवी कान्हाने त्याचं तोंड फोडलं असतं. त्या दिवशी तो मान खाली घालून बग्गी मागे ढकलायला लागला.

सोमवारी शेडमध्ये कुंडलिकने तो जोड कापून काढला. वरून वेल्डिंग चांगलं होतं. खालून मात्र धातू जवळजवळ नव्हताच. गेटवाला आयुष्यभर गेट उलटंपालटं करून जोडणारा, डोक्यावर हात करून जोडायची त्याला सवय नव्हती. त्याने खालून पुट्टी भरली, घासली आणि रंग मारला. पलटी खाल्ली असती तर पाइप तिथेच उघडून धाकूच्या डोक्यावर आला असता.

कान्हाने गेटवाल्याला शिवी हासडली. कुंडलिक म्हणाला, "त्याला नको बोलू. त्यानं गेटासारखं जोडलं. कापायला सांगनारा तू."

कान्हाने तो तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग त्याने विचारलं, "मालूला ठाव हाय, धाकू बाजूला बसनार होता ते?"

तिला कुणीच सांगितलं नव्हतं. नुसता बघायला जातोय, एवढंच धाकू तिला म्हणाला होता. "मी सांगतो तिला," कान्हा म्हणाला. कुंडलिकने मान हलवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्ही पन जा." मला नाही म्हणता आलं नाही.

मालू ओटीवर सुके बोंबील निवडत बसली होती. कान्हाने काही राखून ठेवलं नाही. पाइप मी कापायला लावला, धाकूला मी बसवलं, तुझ्या बापाने थांबवलं, सगळं तोंडाने सांगितलं. तिने तुकडा हातात घेतला आणि पुट्टी निघालेल्या फटीत बोट घातलं. ते थेट पाइपाच्या आत गेलं. ती रडली नाही. तुकडा खाली ठेवून तिने कान्हाकडे पाहिलं.

"भाऊजी, हे सांगायला आज आलात," ती म्हणाली. "त्याला बसवायच्या आदी का नाय आलात?"

आणि ती पुन्हा बोंबील निवडायला लागली. मला तर तिने काही विचारलंसुद्धा नाही, आणि ते मला जास्त लागलं.