जयपूरचा बेत
भाजलेल्या बिस्किटांचा वास आला की पंच्याऐंशी सालच्या सुमाराचा, पार्ल्यातल्या बिस्किटांच्या कारखान्याजवळचा इंग्रजीचा क्लास आठवतो. बोलायची सवय व्हावी म्हणून सरांनी जोड्या लावून स्वस्तातली सहल ठरवायला सांगितली. क्लासमधली मैत्रीण आणि मी स्टेशनपर्यंत चालताना रोज जयपूर ठरवायचो. धर्मशाळा कुठली, खिडकीशी कोण, सगळं इंग्रजीत, मराठी शब्द निघाला तर चहा पाजायचा. मी ऑफिसात दिवाळीनंतरची रजाही टाकली. दिवाळीत ती कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जयपूरला जाऊन आली, उतरली आम्ही ठरवलेल्याच धर्मशाळेत. मी सवयीने इंग्रजीतच विचारलं, मला का नाही सांगितलंस? "अगं, आपली ती प्रॅक्टिस होती ना," ती चक्क मराठीत म्हणाली. चहा तिने पाजला नाही. त्या इंग्रजीवर माझी पुढची नोकरी झकास झाली. जयपूर मी अजून पाहिलेलं नाही.