कणगीतली कारभारीण

राउटरवर तळहात ठेवून मालक डोळे मिटायचे. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग हळूच मान हलवायचे. "तापलंय. लई दमलंय बिचारं. जरा इसावा घिऊ दे त्याला." आणि बटण बंद.

हा विसावा नेमका माझ्या मीटिंगच्या भरात यायचा. हिंजवडीच्या कंपनीतल्या सगळ्यांसमोर माझा चेहरा तोंड उघडं असताना गोठायचा आणि तसाच राहायचा. आमच्या मॅनेजरबाईंनी एकदा त्या अवस्थेतलं माझं चित्र ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. मी ते मालकांना नेऊन दाखवलं, जरा लाज वाटावी म्हणून. त्यांनी नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "दातांकडं बगा पाव्हणं. कीड लागलीया."

मालक म्हणजे आमचे घरमालक. घोटावड्यात त्यांची चार मजली इमारत आणि तिच्यात आम्ही परमुलखातले भाडेकरू. मी लातूरकडचा, तळमजल्यावरचा रामप्रवेश बिहारचा, पिरंगुटच्या कारखान्यात कामाला. मालक सगळ्यांना पाव्हणंच म्हणायचे. फाटकावर पाटी होती, 'खोल्या भाड्याने मिळतील. पाणी व वायफाय फुकट.' तुम्हाला या पाटीत दोन वस्तू दिसत असतील. मालकांच्या लेखी ती एकच होती.

म्हणूनच राउटर गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून बसवलेला होता. "वरनं खाली उतारानं येतंय," हे त्यांचं शास्त्र. चौथ्या मजल्यावर नेट उत्तम चालायचं आणि तळमजल्यावर रामप्रवेशला व्हिडिओ कॉलवर बायकोचा चेहरा चौकोनाचौकोनांत दिसायचा, त्यामुळे शास्त्राला पुरावाही होता. मधे इतके स्लॅब आहेत म्हणून असं होतं, हे मी सांगितलं. "सलाब पाण्याला न्हाई आडवत," ते म्हणाले. रामप्रवेश तक्रार घेऊन आला की ते त्याला हिंदीत समजावायचे, "पैला उप्परवाले का बंद होने दो. फिर तुमारा पाळी." कालव्याच्या पाण्यासारख्या त्यांनी खरोखरच मजलावार पाळ्या लावल्या होत्या. पासवर्ड टाकीवर ऑइलपेंटनं लिहिला होता, रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. तो गुप्त ठेवायचा असतो म्हटल्यावर ते दुखावलेच. "दारात आल्यालं माणूस पानी मागतंय आन् आपुन न्हाई म्हनायचं?"

मी अभियंता, म्हणजे वायफायचा वैद्य, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. खरं तर मी सॉफ्टवेअर तपासतो. राउटरचा आणि माझा संबंध तुमच्याइतकाच. पण अज्ञान दिसलं की मला गप्प बसवत नाही. फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असताना नेट का चालत नाही, म्हणून मालक एकदा राउटरवर चिडले. मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, "मालक, रेघा म्हणजे तुमच्यापासून टाकीपर्यंतचा पाइप धड आहे एवढंच. टाकीत पाणी आलंय का, हे रेघा सांगत नाहीत." ते एकदम पटलं. इतकं पटलं, की त्या दिवसापासून नेट गेलं की ते टाकीचं झाकण उघडून आत बघायला लागले. चूक माझी नव्हती, दृष्टान्ताची होती.

फोन मंद चालतो म्हणून त्यांनी पिरंगुटहून मोठं मेमरी कार्ड आणलं. फोन होता तसाच रडतखडत. मी म्हटलं, "तुम्ही धान्य साठवायची कणगी वाढवलीत. फोनला अडचण खळ्याची आहे. मळणी खळ्यावर होते ना? खळं लहान असलं तर कणगी कितीही मोठी आणा, काम रेंगाळणारच."

"मंग खळं इकत आना."

"फोनचं खळं वेगळं विकत मिळत नाही. नवा फोन घ्यावा लागतो."

"फोन न्हाई बदलायचा," ते म्हणाले, आणि विषय संपला. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता.

त्या फोनचं त्यांना फार होतं. भरत चालला की तो जड लागतो, असं त्यांचं म्हणणं. वाण्याच्या काट्यावर त्यांनी तो तोलूनही पाहिला. महिन्याभरानं पुन्हा तोलला. वजन तेवढंच भरलं. निष्कर्ष, वाण्याचा काटा खोटा. त्यानंतर ते फोन घेऊन येताना दिसले, की वाणी तेवढ्यापुरतं दुकान बंद करायचा.

आणि त्यांचं खरं वैर होतं ते गुलाबाच्या फुलांशी. भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी ना कुणी सुप्रभात टाकायचं. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप. मालकांना त्या फुलांचा असा संताप यायचा, की एका गुलाबावरून त्यांनी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं. मेव्हणा बिचारा समजूत काढायला आला, जाताना फाटकातून म्हणाला, "दाजी, रागावू नका, उद्या कमळ टाकतो." मालक चप्पल शोधायला लागले.

नातवाच्या बारशाला बावधनला त्यांच्या लेकीकडे गेलो, तेव्हा मी आणखी एक प्रकार पाहिला. सगळे फोटो काढत होते आणि मालक खिशातल्या फोनवर हात दाबून कोपऱ्यात बसले होते. जावयानं हौसेनं म्हटलं, "द्या मामा, तुमच्या फोनवर तुमचा आणि बाळाचा काढतो." मालक ओरडले, "हात लावू नका!" बाळ रडायला लागलं. जावई कसंनुसं हसला. लेक माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आबांच्या फोनमध्ये माझा एक फोटो नाही. बाळाचाही घेत नाहीत. काही विचारलं की तोंड फिरवतात. माझं काही चुकलंय का हो?"

मला मालकांचा रागच आला. म्हटलं, एवढा काय तो फोन.

पुढच्या आठवड्यात ते माझ्या दाराशी आले. हातात नव्या तांदळाची पिशवी. पिशवी ठेवली, बसले, टोपी काढून गुडघ्यावर घातली.

"पाव्हणं, एक इचारू? हसायचं न्हाई."

"विचारा."

"फोन भरला म्हंजे जुनं कंच्या बाजूनं बाहीर पडतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी हातवारे करून दाखवलं. त्यांच्या घरच्या कणगीला बुडाशी भोक होतं, कापडाचा बोळा लावलेलं. नवं धान्य वरून ओतायचं, खायला काढायचं ते खालून. म्हणजे जुनं आधी बाहेर. फोनचंही तेच, यात त्यांना शंका नव्हती. नवं काही आत आलं की जुनं खाली ढकललं जाणार. आणि फुलं पुसून टाकायची तरी कशी? बोळा काढला की सगळ्यात तळाचं आधी येणार.

"आन् तळाला ही हाय," ते म्हणाले.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, पण स्वतःचा हात खालून काढला नाही. फोनमधली सगळ्यात जुनी चीज. फोन नवा असताना चुकून झालेलं चित्रण. आज जिथे आमच्या दुचाक्या लावतो तिथलं भाताचं खाचर, गुडघाभर चिखल, लावणी चाललेली. चित्र तिरकं. आणि मधोमध कमरेला पदर खोचलेली एक ठसठशीत बाई थेट फोनकडे बघून कडाडते आहे, "आवं, काय करताय ते डबडं घिऊन? बाया खोळंबल्यात हितं! रोपाच्या मुठी कोन टाकनार, तुमचा आज्जा? सोन्यासारखा पाऊस चाललाय आन् ह्यो बाबा फोनला चोळत बसलाय. लाज कशी वाटत न्हाई म्हन्ते मी!"

मी खदखदून हसलो. मालकही हसले. मग ते म्हणाले, "आमची कारभारीन. त्याच साली गेली. दिवाळीच्या आत. फोटू लई हायेत भितीवर, पन त्यात ती गप उभी हाय. ती गप कुटं व्हती कवा? ही खरी."

माझं हसू तिथेच राहिलं.

"रोज सकाळी फुलं धाडत्यात मेले," ते म्हणाले. "एकेक फूल आत येतंय आन् ही एकेक पाऊल दाराकडं सरकतीया. लेकीच्या पोराचा फोटू म्या कसा घ्यायचा? त्यो आत आला आन् ही पडली म्हंजे?"

मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ही कणगी नव्हे, फडताळ आहे. प्रत्येकाचा कप्पा वेगळा. भरलं तर नवं आत घेत नाही. जुनं आपणहून पडत नाही. फोन बिघडला तर मात्र सगळंच जाईल, म्हणून एक प्रत लेकीला पाठवा. त्यावर ते उडालेच.

"धाडलं म्हंजे गेलं की! तांदूळ बावधनला धाडला तर हितं ऱ्हातो व्हय?"

प्रयोग करून दाखवायचा तर त्यांच्या फोनमध्ये काहीतरी घालावं लागणार, आणि त्याला ते जन्मात तयार होणार नव्हते. शेवटी रामप्रवेशला वर बोलावलं. टाकीचा फोटो काढून मी त्याच्या फोनवर पाठवला. मालकांनी दोन्ही फोन दोन हातांत धरून टाकी टाकीशी ताडून पाहिली. "हितंबी हाय. तितंबी हाय." मग नवी शंका. "पातळ झालं आसंल. दुधागत." रामप्रवेश म्हणाला, "चाचा, मेरा वाला तो और साफ दिख रहा है." त्याचा फोन माझ्यापेक्षा भारी होता. मालक विचारात पडले आणि तसेच उठून गेले.

दोन आठवडे राउटरच्या कपाळावर हात ठेवायलाही ते गच्चीवर आले नाहीत. मग एका रविवारी इमारतीत फर्मान निघालं. सगळ्यांनी नेट बंद ठेवायचं. मालकीणबाई बावधनला निघाल्यात, वाटेत अडकायला नकोत. क्रिकेटचा सामना ऐन रंगात होता. चौथ्या मजल्यावरची पोरं कुरकुरली, पण मालकांच्या अंगावर धुतलेला सदरा आणि कडक टोपी बघून त्यांनी नेट बंद केलं. राउटर गच्चीवरून खाली आणून ओसरीत पाटावर ठेवला होता. त्याला कुंकू लावलेलं होतं. मी चपला बाहेर काढून पाटाशी बसलो.

पाठवायचं बटण मी दाबावं, असं ठरलं होतं. मी बोट पुढे केलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "गेली तर?"

"जाणार नाही मालक."

"तुमी लातूरचं मानूस. तरी तुमच्या भरवशावर हिला धाडतुया."

शेवटी त्यांनी स्वतःच दाबलं. पडद्यावरचा गोल फिरायला लागला. मालक राउटरवर हात ठेवून पुटपुटत होते, "दमू नगंस. थोडंच ऱ्हायलंय." रामप्रवेशच्या फोनवरून लेकीला जोडून ठेवलं होतं. बराच वेळ काहीच नाही. मग पलीकडून, बावधनच्या सहाव्या मजल्यावरून, तो आवाज आला. आवं, काय करताय ते डबडं घिऊन! त्याच्यामागे लेकीचा हुंदका. मालकांनी घाईघाईनं आपला फोन उघडला. चित्रण चालू केलं. इथेही ती तशीच उभी, तशीच कडाडत.

"दोन्हीकडं शिव्या!" मालक ओरडले. "पाव्हणं, दोन्हीकडं!" आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते एवढे हसले, की चौथ्या मजल्यावरची पोरं धावत खाली आली.

त्यानंतर त्यांनी ती सगळ्यांना पाठवली. आम्हा भाडेकरूंना, वाण्याला, रागावलेल्या मेव्हण्यालाही. गुलाबांना उत्तर म्हणून ग्रुपवर सकाळी सकाळी मालकीणबाई यायच्या आणि भावकीची लाज काढायच्या. बाळाचे फोटो ते मजेनं घ्यायला लागले. त्यांचा स्वतःचा काढू म्हटलं की मात्र हात झटकायचे. "माजा कशाला? थोबाड बगा की हे."

गेल्या थंडीत मालक गेले. सकाळी दात घासताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

दहाव्याला फ्रेम करायला फोटो हवा होता. लेकीनं घर पालथं घातलं. लग्नातल्या जुन्या फोटोंत ते तरुण होते. कुणी ओळखलं नसतं. ओळखपत्रावरच्या फोटोत ते गुन्हेगार दिसत होते. शेवटी ती त्यांचा फोन घेऊन माझ्याकडे आली. आम्ही पायरीवर बसून सगळा फोन वर-खाली केला. बाळाचे फोटो होते. गुलाब आणि सूर्य तर शेकड्यांनी. त्यांचा एकही नव्हता. इतकी वर्षं हा माणूस बायकोला जागा पुरावी म्हणून स्वतः फोनच्या बाहेर उभा राहिला होता. हे लेकीला सांगायची गरज नव्हती. तिला ते कळलेलं होतं.

तिनं आईचं चित्रण लावलं. इमारतीत प्रत्येकाला ते पाठ होतं. डबडं, मुठी, आज्जा, लाज. एरवी इथे आम्ही हसायचो आणि त्या हसण्यात पुढचं बुडून जायचं. त्या दिवशी कुणी हसलं नाही, म्हणून पुढचं ऐकू आलं. मालकीणबाई धाप टाकतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "येताय का न्हाई आता?" चित्र हलतं. आभाळ, चिखल, एक पाय. आणि अगदी जवळून, फोन धरणाऱ्याचा, तरण्या पोरासारखा लगबगीचा आवाज येतो.

"आलो गं, आलो."