गाड्यांना बंदी असलेलं गाव

२००४ साली फ्रिस्को या अमेरिकन उपनगरातल्या लायब्ररीत एक मराठी काकू रोज दिसायच्या. मुलगा ऑफिसला जाताना सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. साडीवर स्वेटर, पायांत स्पोर्ट्स शूज, मांडीवर घट्ट धरलेली पर्स. पुस्तक नेहमी एकच, फ्रान्समधल्या मध्ययुगीन खेड्यांच्या एका दिवसाच्या सहलींचं. फोटोतल्या दगडी गल्लीतून त्यांचं बोट सावकाश चालत राहायचं.

"जायचंय का काकू तिकडे?" मी एकदा विचारलं.

"छे गं! पण या गावांत गाड्या आत सोडतच नाहीत म्हणे. म्हणजे कंटाळा आला की उठायचं आणि आपल्या पायांनी घरी जायचं."

बाहेर सहापदरी रस्ता, फुटपाथचा पत्ता नाही. मीही नवऱ्याच्या गाडीचीच वाट बघत बसले होते.