शेटाणीचा डबा

अर्थशास्त्राची पदवी हातात पडली तेव्हा मला वाटायचं, माणसांचं सगळं जगणं तक्त्यात बसतं. हैदराबाद संस्थान जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. खेड्यातली माणसं रोज काय खातात, याच्या पाहणीसाठी मला टेंभुर्णीजवळच्या एका लहान गावी पाठवलं. दहा घरं, दहा दिवस. गावाला स्वस्त धान्याचं दुकान द्यायचं की नाही, ते माझ्या तक्त्यांवरून ठरणार होतं. त्या साली ज्वारी बुडाली होती, आणि असं सगळ्यात जवळचं दुकान पायी दोन तासांवर होतं.

गावानं माझ्या जेवणाची पाळी लावली, रोज एक घर. मी ओसरीवर बसून विचारायचो, काल काय शिजलं, किती जण जेवले. मग तिथंच जेवायचो. ताटात गव्हाच्या पोळ्या असायच्या, प्रत्येक घरी. "आमच्याकडं रोज हेच असतं साहेब," असं घरचे सांगायचे आणि मी बिनदिक्कत लिहून घ्यायचो. भांड्यांच्या रकान्यात प्रत्येक घरी 'पितळी डबा, एक' अशी नोंदही केली. आठव्या दिवशी माझी खात्री पटली, की गावाचं बरं चाललंय, दुकानाची गरज दुसऱ्या कुणाला तरी असेल. ते आठवलं की अजून लाज वाटते.

नवव्या दिवशी पाळी एका म्हाताऱ्या आजींची होती. घरात त्या, सून आणि दोन नातवंडं. जेवून मी हात धूत होतो, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला. "डबा घासून शेटाणीकडं जल्दी पोचव. उद्या सुताराच्या घरी लागंल."

मी आत डोकावलो. झाकणाला पोचा असलेला पितळी डबा. हा पोचा मी आधीही पाहिला होता, आणि तरी प्रत्येक घरात तो डबा वेगळा मोजला होता. शेटाणी म्हणजे गावातल्या मारवाडी दुकानदाराची बायको. गावात गहू होता तो फक्त तिच्या घरी. माझी पाळी ज्या घरी, त्या घरी डबाभर पीठ जायचं.

"आजी, खरं काय खाता?"

"ज्वारीची भाकर. ती बी दोन्ही येळा न्हाई. पर पाव्हण्याच्या ताटात ती कशी वाढावी?"

मला राग आला. मी सांगून टाकलं, की माझ्या कागदांवर पोळी राहिली तर गावाला दुकान मिळणार नाही.

आजींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "हे पह्यल्या दिवशी सांगायचं न्हाई का साहेब?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांची उत्तरं बदलतील असं काही बोलू नये, ही आमची शिस्त. मी एवढा शिस्तीनं गप्प राहिलो होतो, आणि माझ्या नुसत्या येण्यानं गावाचं ताट बदललं होतं. मग मला स्वतःचाच राग आला.

आजींनी पदर खोचला आणि मला घरोघर फिरवलं. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणायच्या, "खरं सांगा, माणूस आपलाच हाय." बाया खाली मान घालून सांगत होत्या. मी आधीची पानं रद्द केली आणि सगळे तक्ते नव्यानं भरले. दहाव्या दिवशी सुताराच्या घरी भाकरी मिळाली. वाढणारीचा हात ताटाशी येऊन थबकला, ते मला दिसलं. मी ती भाकरी मागून घेतली.

दुकान पुढच्या हिवाळ्यात उघडलं. ते नीट चाललंय का हे पाहायला मला परत पाठवलं, तेव्हा आजींनी जेवायला बोलावलं. कोपऱ्यात दुकानातून आणलेल्या गव्हाचं अर्धं पोतं होतं. ताटात मात्र भाकरी आणि ठेचा.

मी पोत्याकडे पाहिलं, ते त्यांच्या लक्षात आलं.

"गहू हाय की घरात," त्या म्हणाल्या. "पर तू आता पाव्हणा थोडाच हायेस बाबा."

मी वही पिशवीतच राहू दिली आणि जेवायला लागलो.