बाईच्या गालावरचे वण

कोपरगावच्या स्टँडवर मनमाडची गाडी लागली तेव्हा माझं सगळं लक्ष बगलेतल्या गुंडाळीवर होतं. ड्रॉइंगचे कागद, आणि त्यांना बाहेरून नानांचं, म्हणजे वडिलांचं, जुनं धोतर गुंडाळलेलं. कुणाचा धक्का लागून घडी पडू नये म्हणून मी ती पोटाशी धरली होती, त्यामुळे बाईच्या पाया पडायला वाकलो तोही अर्धवटच. आम्ही आईला बाई म्हणायचो. आमच्याकडे बऱ्याच घरांत म्हणतात. ती म्हणाली, "पत्र लई मोठं लिहू नगं. वाचनारं मानूस कट्टाळतं." वाचणारं माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळासाहेब, आणि तो एका कार्डाला अर्धा तास लावायचा. सगळे हसले. मी आत शिरून आधी गुंडाळी वरच्या फळीवर नीट ठेवली, आणि मग खिडकीतून बघितलं तर गाडी स्टँडबाहेर वळली होती.

जे गावात राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे पत्र्याची ट्रंक घेऊन बाहेर पडलात त्यांच्यासाठीही हे लिहितोय. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी वीस वर्षांचा होतो आणि बडोद्याला एका पोर्ट्रेट स्टुडिओत कामाला निघालो होतो. मला माणसांचे चेहरे काढता येतात असा माझा समज होता, आणि तालुक्यातल्या बऱ्याच लोकांचाही. त्यांतला एक चेहरा मला उभ्या आयुष्यात जमला नाही, तो बाईचा. तिचा कॅमेऱ्यातला एकही फोटो नव्हता, काढायचा तो मीच काढायचा होता, आणि मी तो काढला नाही.

चेहरे शिकलो ते कोपरगावात, गंगाधर पेंटरांकडे. स्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं शेड होतं. ट्रॉल्यांवर नंबर घालायचे, दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, शाळांना शिवाजी महाराजांचे फोटो करून द्यायचे. आमच्याकडे हातानं काढलेल्या चित्रालाही फोटोच म्हणतात. पण बारमाही काम होतं वारलेल्या माणसांचं. घरचे लोक कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येत, त्यात वारलेला माणूस मागच्या रांगेत, तोंड हरभऱ्याएवढं. पेंटर त्यावर टोकदार पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायचे, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायचे, आणि एकेक चौकट उतरवत चेहरा मोठा करायचे. हे सगळं दहाव्याच्या आत व्हायला हवं, कारण दहाव्याला गोदावरीच्या घाटावर फोटो मांडायचा असतो. बायकांचा तर ग्रुप फोटोही नसायचा. मग वारलेल्या बाईची बहीण किंवा लेक समोर बसवायची आणि घरच्यांना विचारत विचारत नाक जाड कर, हनुवटी आत घे, असं करत पुढं जायचं.

पेंटरांचा आवडता शब्द होता साफ. "चेहरा साफ कर," म्हणायचे. "घरच्यांना आपलं मानूस पाह्यजे असतं, पन जरा देवावानी पाह्यजे असतं." सुरकुती, चामखीळ, तिरळा डोळा, सगळं ओल्या ब्रशनं हलकेच विरवून टाकायचं. मी त्यात इतका तरबेज झालो की ते गिऱ्हाइकांना सांगू लागले, या पोराचा हात लई साफ हाय. मला त्याचा केवढा अभिमान होता!

बाईच्या तोंडावर देवीचे वण होते. लहानपणी तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला एकदमच देवी आल्या. बहीण गेली, ही राहिली. नाना तिला चिडवायचे, "देवीनं सही करून सोडलीय हिला." नाना पाटकरी होते, कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेतात सोडायचे, आणि दिवसभर लोकांची भांडणं ऐकून घरी आले की त्यांना थट्टा सुचायची. बाई त्यांना उलट काही बोलायची नाही, पण त्या दिवशी कालवणात तिखट जरा जास्त पडायचं.

मी निघायच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला जिजाऊ आणि बालशिवाजी असा मोठा फोटो करायला सांगितला. मी बाईला तीन दुपारी ओट्यावर बसवलं. डोक्यावर पदर, मांडीवर महाराजांच्या जागी उशी. तिला रिकामं बसवायचं नाही, म्हणून ती उशीवर सूप ठेवून शेंगा फोडायची. मी वैतागून म्हणालो, "बाई, जिजाऊ शेंगा फोडत नसतात." ती म्हणाली, "मंग काय नुसत्याच बसून ऱ्हायल्या? असं राज्य हुतं व्हय?"

फोटो झाला. अख्खी आळी बघायला आली. मी रंग लावता लावता सवयीनं सगळे वण विरवून टाकले होते, कपाळ उजळ केलं होतं. बाईनं हात पुसत पुसत बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "लई झ्याक हाय. कोन हाय ही?" लोक हसले, मीही हसलो. ती थट्टा करतेय असंच मला वाटलं. आज वाटतं, ती खरंच विचारत होती.

बडोद्यात जम बसायला वेळ लागला नाही. तिथं मराठी माणूस पुष्कळ, पण स्टुडिओत येणारं गिऱ्हाईक गुजराती. त्यांना भिंतीवर बा आणि बापूजी, म्हणजे वारलेले आईवडील, हवे असायचे, वर सुखडचा हार. सुखड म्हणजे चंदन, त्याच्या तासलेल्या चिरफळ्यांचा हार, तो कोमेजत नाही. सहा महिन्यांत मी चालेलला 'चालशे' आणि बरंला 'सारुं' म्हणायला लागलो, डाळीत गूळ घालायला लागलो. स्टुडिओच्या शेठना माझा हात आवडला. "भाई, मोढुं चोक्खुं जोईए," म्हणायचे, म्हणजे तोंड स्वच्छ हवं. शब्द तेवढा बदलला होता.

तेव्हा गावाकडे दुष्काळ पडला. बाळासाहेबाची कार्डं यायची, त्याच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. 'नानांचा पाट कोरडा आहे. बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. कपची उडते म्हणून डोळे किलकिले करते. बाईने विचारले आहे तिकडे पाणी आहे का.' मी उत्तर लिहायचो, इकडे सर्व क्षेम आहे. मोठं पत्र लिहू नको म्हणाली होती, ते मला फारच सोयीचं पडलं. दिवाळीला दोन दिवस घरी जाऊन आलो. निघताना शेठ म्हणाले होते, स्टुडिओचा कॅमेरा घेऊन जा, घरच्यांचे फोटो काढ. मी म्हणालो, एवढं ओझं कशाला, पुढच्या खेपेला नेईन. त्या दोन दिवसांत बाईकडे मी किती वेळ पाहिलं असेन? जेवायला वाढताना ताटाकडे बघितलं, बोलताना दाराकडे बघितलं. चेहरे बघणं हा माझा धंदा, आणि घरी गेलो की मी सुट्टीवर असायचो.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तार आली. तापाचं निमित्त झालं होतं. मी पोचलो तोवर राख सावडून झाली होती.

संध्याकाळी नाना चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवत एवढंच म्हणाले, "दहाव्याला फोटो लागंल. घरात पेंटर हाय, दुसऱ्याकडं कशाला जायाचं?"

मी ओट्यावर कागद लावला. पहिल्या दिवशी जो चेहरा उतरला तो शाळेतल्या जिजाऊंचा. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा काढला, पुन्हा जिजाऊच. माझ्या हाताला तेवढाच ठाऊक होता. मग वण काढायला घेतले, आणि ब्रश हातातच राहिला. कुठं होते? कपाळावर होते का? नाकाच्या शेंड्यावर? डाव्या गालावर जास्त की उजव्या? वीस वर्षं त्या तोंडानं मला हाक मारली होती आणि मला सांगता येईना. घरात विचारायचं तर नाना होते, बाळासाहेब होता. पण विचारणार कसं? पेंटर म्हणून गावभर मिरवलेला पोरगा बापाला विचारणार, माझी आई दिसायची कशी? मी विचारलं नाही. दोन्ही गालांवर सारख्या अंतरानं ठिपके देऊन मोकळा झालो.

घाटावर फोटो मांडला. शेजारची सोनाकाकू, बाईची जिवाभावाची मैत्रीण, खडीवर तिच्या जोडीला बसणारी, पुढं येऊन बघू लागली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती मला म्हणाली, "देवी काय अशी ओळीनं येती व्हय रं?" मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. नानांनी पिंडाचं सगळं होऊ दिलं. घरी आल्यावर फोटो भिंतीला उलटा टेकवून ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "ही आपली न्हाई. ऱ्हाऊ दे. माझ्या ध्यानात हाय ती."

त्यांच्या ध्यानात होती. मी त्यांना त्यानंतरही विचारू शकलो असतो. ते पुढं पुष्कळ वर्षं जगले, मी दर दोन-चार वर्षांनी जात राहिलो, लग्न झालं, बडोद्यात घर झालं, स्वतःचा स्टुडिओ झाला, आणि प्रत्येक वेळी विषय ओठांवर आला की मी पाण्याच्या पाळीचं किंवा उसाचं काहीतरी विचारायचो. नाना गेले तेव्हा तो चेहरा त्यांच्याबरोबर गेला. बाळासाहेब म्हणतो, "दादा, मी लहान हुतो, मला नीट आठवत न्हाई." एकदा मी एका गुजराती आजीबाईंच्या सुरकुत्या जशाच्या तशा काढल्या, प्रायश्चित्त म्हणून म्हणा. त्यांचा मुलगा फोटो परत करून गेला. पुन्हा मी तसला शहाणपणा केला नाही.

मागच्या हिवाळ्यात गावी गेलो होतो. सोनाकाकू आहे अजून, नव्वदीच्या पुढं, दिसत जवळजवळ नाही. मी तिच्या खाटेपाशी बसलो आणि अखेर विचारलं. पन्नास वर्षांनी, तेही आंधळ्या म्हातारीला. "काकू, बाईचे वण नेमके कुठं होते?" तिनं हात पुढं करून माझं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, गाल. मग म्हणाली, "आरं, तू तर हुबेहूब बाई हुतास. ह्ये नाक, ही जिवनी तिचीच. वन तेवढे नव्हते. तू बडोद्याला गेल्यावर ती म्हनायची, पोरगं माझंच तोंड घिऊन गेलंय तिकडं."

मी विचारलं, "मग मला कधी कुणी बोललं कसं नाही?"

"त्यात काय सांगायचं? आख्ख्या गावाला म्हाईत हुतं."

तुम्ही गावात राहिलेले लोक आम्हाला विचारता, आता गाव म्हणजे तुला काय वाटतं रे? मी आजवर नदी, पाट, ऊस असं काहीबाही सांगत आलो. आता एवढंच सांगेन, की तिथं सगळ्यांना माहीत असलेलं बरंच काही असतं, आणि जो निघून जातो त्याला ते कुणी मुद्दाम सांगत नाही.

बाई गेली तेव्हा पंचेचाळिशीची असेल. मीही एकदा पंचेचाळीस वर्षांचा होतो. तेव्हा रोज सकाळी बडोद्यातल्या घरात बेसिनवरच्या आरशापुढं उभा राहून दाढी करायचो आणि घाईघाईनं तोंड पुसून कामाला जायचो. गावाहून परत आल्यावर मी टेबलावर आरसा मांडला, कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं आणि बसलो. पण आरशात आता नाना दिसतात.