माझ्या घरापर्यंतचं तांबं

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही रडतखडत. पण तार मला कळते. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात जळालेल्या विजेच्या मोटारी भरण्यात माझी उमर गेली. आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हेच काम. तार बोटाभोवती वळवली की मी सांगायचो, तांबं चोख आहे की भेसळ. साहेब लोक शिकलेले, पण माल आला की आधी मला बोलवायचे. त्यामुळं गल्लीत मला मिस्तरी म्हणत. कुणाचा पंखा जळो, कुणाला शेगडी घ्यायची असो, लोक आधी माझ्या ओट्यावर यायचे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे, मोठेपणा होताच, नव्हता कशाला म्हणू.

नव्वद सालानंतर आमच्याकडं केबल आली. तोवर छपरावरचा अँटेना हलवून जे दिसेल ते बघायचं, एवढंच होतं. आमचे जावई पारनेरकडचे. सुप्याला कारखान्यात कामाला होते. ते काम सोडून त्यांनी केबलचा धंदा करायचं मनावर घेतलं, लेकीला घेऊन भिंगारात आले आणि दोन गल्ल्या सोडून एक खोली धरून तिच्यावर मोठी छत्री बसवली. बाजारपेठेत आधीचा एक केबलवाला होताच, आणि आमची गल्ली त्याच्याकडंच जाणार होती. समोरच्या घरात राहणाऱ्या रिटायर सुभेदारांनी तर त्याला हो म्हणून सांगितलंही होतं.

जावई माझ्याकडं आले. म्हणाले, मामा, वायर तुम्ही निवडा, म्हणजे लोकांना भरवसा येईल.

मला हे आवडलं. नाही कशाला म्हणू. दोघं नगरला गेलो. दुकानदारानं दोन वायरी पुढं टाकल्या. दोन्ही वरून काळ्या, करंगळीपेक्षा जरा बारीक. मी खिशातला चाकू काढला आणि दोन्ही सोलल्या. केबलची वायर म्हणजे काकडीसारखी असते. वरची काळी साल, तिच्या आत बारीक तारांची विणलेली जाळी, मग पांढरा गर आणि मधोमध एक तार. एकीची जाळी दाट होती, बोटानं सारली तरी गर दिसेना. दुसरीची विरळ, जुन्या मच्छरदाणीसारखी. मधली तार दोन्हींत लालच. मग मी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. दाट जाळीच्या वायरीला ते चिकटलं नाही. दुसरीला टक्‌ करून बसलं. म्हणजे आत लोखंड, वरून नुसता तांब्याचा मुलामा.

मी चांगल्या वायरीचं एक बंडल तिथंच पसंत केलं. बाकीची बंडलं याच मालाची, पण पुण्याहून येतील, असं जावयांनी सांगितलं.

घरी येऊन मी घरोघर गेलो. सुभेदारांना म्हणालो, "माझ्या जबाबदारीवर घ्या. तांबं मी बघितलंय." त्यांनी बाजारपेठेतल्या माणसाला नको म्हणून कळवलं. सगळ्या गल्लीनं तेच केलं.

आठवड्यानं बाकीची बंडलं आली. जावयांनी ती आमच्याच ओट्यावर उतरवली. मी चाकू आणि चुंबक घेऊन बसलो, तेवढ्यात आमची मंडळी आतून आली. बंडलांना हळदकुंकू लावून झालं होतं, नारळ फुटला होता, आणि मी पहिल्याच बंडलाला चाकू लावत होतो.

"लेक दिली त्यांच्या घरात, तवा घासून बघितलं न्हाई," ती हळूच म्हणाली, पण जावयांना ऐकू जाईल एवढं. "आता वायर घासून बघता व्हय?"

जावई हसले. बघू द्या, म्हणाले. पण उठून उभे राहिले. आमच्यात जावयाच्या वस्तूला सासऱ्यानं हात लावून खोट काढायची नसते. मी चाकू मिटला. वर्कशॉपात साहेबाच्या समोर मिटला नव्हता, तिथं मिटला.

माझं घर गल्लीच्या तोंडाशी. छत्रीपासून वायर आधी माझ्या कठड्यावर यायची आणि तिथून पुढं सगळ्या घरांना जायची. उन्हाळाभर चित्र झकास दिसलं. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, मिस्तरी, काम चोख झालं.

पावसाळा लागला आणि गल्लीतल्या टीव्हींत मुंग्या दिसायला लागल्या. पांढऱ्या, वळवळणाऱ्या. मी म्हणायचो, पावसानं होतं, थांबा. माझ्या घरी तर स्वच्छ दिसायचं. मला वाटायचं, लोक उगाच कुरकुर करतात.

एक दिवस सुभेदारांनी मला त्यांच्या गच्चीवर बोलावलं. भिंतीवरून तपकिरी पाण्याचा ओघळ खाली गेला होता. त्यांनी वायरीचा जोड उघडून ठेवला होता.

"मिस्तरी," ते म्हणाले, "तांब्याला गंज चढतो का वो?"

मी घरी जाऊन चुंबक आणलं. ते तारेला चिकटलं. मग मी माझ्या कठड्यावरून पुढं गेलेल्या वायरीपासून सुरुवात करून एकेक गच्ची चढलो. सगळीकडं टक्‌. शेवटी माझ्याच घरात जाणारी वायर सोलली. दाट जाळी, लाल तार, चुंबक गळून खाली पडलं. नगरला पसंत केलेलं बंडल छत्रीपासून माझ्या टीव्हीपर्यंत आलं होतं. पुढं सगळं लोखंड.

तो धोंड्याचा महिना होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं असतं. लेक दोन दिवस आधी मदतीला आली होती. मी तिच्यासमोर गंजलेला तुकडा ठेवला. ती पुरण वाटत होती. तिनं तुकड्याकडं बघितलंही नाही.

"मला ठावं हुतं, आण्णा," ती म्हणाली. "तुमाला सांगितलं असतं, तर तुमी त्याच दिवशी गल्लीत बोंब केली असती. मग मी कुणाच्या दारात उभी राहिले असते?"

बरोबर होतं तिचं. मी बोंब केलीच असती. पण पोटच्या पोरीनं मला सगळ्या गल्लीसमोर तीन महिने बढाया मारू दिल्या, हे मला आजही गिळता आलेलं नाही.

जावई आले. पाय धुवायला पाणी दिलं, कपडे केले, धोंडे वाढले. पोटभर जेवू दिलं. विडा दिला, आणि मग विचारलं.

ते घाबरले नाहीत. म्हणाले, टीव्हीचं चित्र तारेच्या कातडीवरूनच जातं, आतलं लोखंड त्याला लागतही नाही, वर तांबं असलं की झालं. पुण्याच्या माणसानं सांगितलंय. जाळी जरा पातळ पडली आणि जोड उघडे राहिले, एवढंच चुकलं. पुढं एका शिकलेल्या इंजिनिअरला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, कातडीचं खरं आहे. असेल. मी चौथी शिकलेला, मला कातडीचं काय कळतंय.

"मग हे लोकांना आधीच का न्हाई सांगितलं, पाव्हणं?"

"सांगायची गरजच पडली न्हाई, मामा," ते म्हणाले. "तुमी सांगितलं हुतं ना."

माझ्या घराला तेवढं तांबं कशाला लावलं, म्हणून विचारलं. ते माझ्याकडं नवलानं बघायला लागले. सासऱ्याच्या घराला लोखंड कसं लावायचं, म्हणाले. मानाचं घर. आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेलो. सांगितलं की माझा शब्द खोटा निघाला, मी माल न बघता हो म्हटलं, ज्याला केबल बदलायची त्यानं बदलावी. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

मग मी कठड्यापासून टीव्हीपर्यंतची माझी वायर काढली, गुंडाळली आणि शिडी घेऊन सुभेदारांकडं गेलो. त्यांची गंजकी वायर उतरवून माझी चढवली, कठड्यावरून थेट त्यांच्या खिडकीत. जोड मेणकापडानं बांधले. खाली येऊन टीव्ही लावला. एकही मुंगी नाही.

सुभेदारांनी चित्राकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"एवढी चांगली वायर हुती तर, तुमच्याकडं," ते म्हणाले.

मी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, व्हय, व्हय. म्हणाले, बसा, चहा घ्या. मी चहा घेतला. त्यांच्या खिडकीतून माझी खोली सरळ दिसत होती, टीव्हीसकट. पावसाळा लागल्यापासून त्यांच्या पडद्यावर मुंग्या आणि माझ्या पडद्यावर स्वच्छ चित्र, हे ते तिथून रोज बघत होते.

माझ्या घरी मी परत केबल घेतली नाही. अँटेनावर भागलं. मंडळी लेकीकडं जाऊन बघायची, मी आडवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सुभेदारांचा पंखा जळाला. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी पंखा सायकलच्या कॅरेजला बांधला, माझ्यासमोरून राम राम करत गेले, आणि बाजारपेठेच्या बाजूला वळले.