काकूंचा सूर्य मी गुळगुळीत केला

मंडळी, आज सकाळपासून खोलीत तोंड लपवून बसलोय.

माझा छंद तुम्हाला माहीत आहे. धुरकट गारगोट्या पाणी आणि खरखरीत भुकटी घालून छोट्या ड्रममध्ये महिनाभर फिरवायच्या, की काचेसारख्या चमकतात.

इथे उत्तरेत, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत मी राहतो, खाली घरमालकीण काकू. त्या दोन महिने मुलीकडे गेल्या आणि देवपूजा माझ्यावर सोपवली. त्यांच्या पंचायतनातला सूर्य म्हणजे स्फटिकाचा खडा, अगदी गढूळ. म्हटलं, उजळून ठेवू, खूश होतील. विचारलं मात्र नाही, सरळ ड्रममध्ये टाकला.

आज काकू परतल्या आणि आंघोळ करून पूजेला बसल्या. त्यांना जवळजवळ दिसत नाही, देव त्या बोटांनी ओळखतात. सूर्याला एक उथळ खळगा होता. तिथेच गंध लावायचं, असं सासूबाईंनी शिकवलेलं.

त्यांचं बोट खड्यावर फिरतच राहिलं. "अरे, खळगा लागत नाहीये." मग स्वतःच हसल्या. "डोळ्यांच्या मागोमाग बोटंही गेली वाटतं माझी."

मी समोरच बसलो होतो. "असू दे काकू, मी लावतो," एवढंच बोललो. आणि लावलं.

आत्ता त्या दारात दूधवाल्याला सांगताहेत, "हमारी उँगलियाँ अब गईं, भैया. कल से पूजा ऊपर रहने वाला लड़का करेगा."

तुम्ही असतात, तर जिना उतरून पहिलं वाक्य काय बोलला असतात?